सिक रिपोर्ट

रविवार, १७ सप्टेंबर २०००

ही डायरी कृषी मंत्रालयाची आहे. वर राजमुद्रा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी खताबद्दल एक सूचना. श्यामकांत तिथे अवर सचिव आहे, उरलेल्या डायऱ्या घरी आणतो. आज त्याने ही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "साधना, राग आला की आधी यात लिही. मग बोल." मी म्हटलं, "लिहून झाल्यावर बोलायला काय उरणार?" त्यावर तो पेपरमागे गेला. लग्न झाल्यापासून हा माणूस पेपरमागे जातो आहे.

तर लिहिते. आजचा राग सोसायटीच्या सेक्रेटरीचा. गुडगावात फ्लॅट घेतला तेव्हा माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव होता, चोवीस तास वीज होती, हसणारी गोरी मुलं होती. प्रत्यक्षात तलावाच्या खड्ड्यात म्हशी बसतात. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि जनरेटरचं डिझेल नेमकं तेव्हाच संपलेलं. सेक्रेटरी म्हणतो, "मॅडम, मंगा रहे हैं." आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. त्या माणसाला एकदा गव्हाचं पोतं डोक्यावर देऊन वर पाठवायला हवं.

आबा भाजी घेऊन जिन्याने आले. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार हिंदुराव जाधव. आई गेल्यापासून साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे आहेत. उभी हयात फौजेत काढलेला माणूस, पण हल्ली जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचत बसतो. मी वरून वाकून ओरडले, "आबा, कोथिंबीर सुकली!" खालून उत्तर आलं, "तिसऱ्यावर नवीन बिऱ्हाड आलंय गं. मल्होत्रा. दाताचा डॉक्टर आहे." रिकामा वेळ माणसाला असा चौकस करतो.

गुरुवार, २१ सप्टेंबर

सरकारी प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरतं, पुढे त्याचं तिथे काय होतं? गेल्या वर्षी ती नोकरी सोडून गुडगावच्या या काचेच्या इमारतीत आले. परदेशी औषध कंपन्यांची कामं आम्ही इथे करून देतो. यंत्रं नवी, वीज अखंड, आणि आमच्या संचालकाचा, डॉ. भसीनचा, सूट रोज वेगळा.

काल मैत्रेयीने विचारलं, "मम्मा, तू रॅबिट्सचं करतेस काय एक्झॅक्टली?" माझी लेक नववीत आहे. तिला सांगितलं, भिंतीत अडकलेलं कोलेस्टेरॉल साफ करायला पांढऱ्या पेशी जातात आणि ते गिळतात. पण सुटं कोलेस्टेरॉल पेशीला बाधतं. म्हणून ती त्याला स्निग्ध आम्लाची जोड देते आणि तेलाच्या थेंबांसारखं पोटात साठवते. येतच राहिलं तर साठवतच राहते, आणि शेवटी इतकी भरते की सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारखी दिसते. औषध क्रमांक ७१४ ही जोड देणंच बंद पाडतं. साठवण नाही तर फेस नाही, फेस नाही तर रोग नाही, असा मालकांचा हिशेब.

"म्हणजे बघ, घरात पीठ येतंय, आपण डब्यात भरतोय, आणि फडताळात डब्यांची गर्दी झालीय."

"फडताळ म्हणजे?"

फडताळ तिला माहीत नाही. किचन कॅबिनेट म्हटल्यावर कळलं. मग म्हणाली, "आणि डबेच काढून घेतले, तर पीठ कुठे जाणार?" शाबास, म्हटलं. एवढा साधा प्रश्न कंपनीत कोणी विचारत नाही.

आज सशांच्या रक्तवाहिन्यांचे काप लाल रंगात बुडवले. हा रंग साठवलेल्या चरबीला धरतो. औषध न दिलेल्या सशांचे काप लालभडक निघाले, औषध दिलेल्यांचे फिकट गुलाबी. भसीनने टाळ्या वाजवल्या आणि पिस्त्याची बर्फी मागवली. मला आनंद व्हायला हवा होता. पण भिंत तेवढीच जाड होती, लाल गेलं तरी ती बारीक झाली नव्हती. मी विचारलं, "सर, आतलं गेलं कुठे?" तो म्हणाला, "साधना जी, कभी खुश होना भी सीखिए." तळपायाची आग मस्तकात गेली. बर्फी खाऊन, "जी सर" म्हणून जागेवर परत आले.

बुधवार, ४ ऑक्टोबर

आबा आज पुन्हा फरीदाबादला गेले. तिथे त्यांचे पलटणीतले हवालदार मुरलीधर राहतात, एका कारखान्यात सुरक्षारक्षकांचे प्रमुख आहेत. पत्ते कुटायला एवढ्या लांब, रोडवेज बसच्या त्या खडखडाटातून! मी म्हटलं, "मुरलीधरकाकांना इकडे बोलवा ना." म्हणाले, "ड्यूटी आहे." कसली ड्यूटी? परतल्यावर चेहरा उतरलेला. उन्हात फिरल्यावर दुसरं काय होणार. लिंबू सरबत दिलं आणि चार शब्दही ऐकवले.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सापडलं.

लाल रंग फक्त साठवलेलं, बांधलेलं कोलेस्टेरॉल दाखवतो. सुटं त्याला दिसतच नाही. सुट्यासाठी वेगळा रंग आहे. तो अंधारात, अतिनील प्रकाशाखाली निळा चमकतो आणि बघता बघता विझतो, म्हणून लगेच डोळा लावावा लागतो. आज सगळे जेवायला गेल्यावर अंधारखोलीत बसले. औषध दिलेल्या सशांचे तेच गुलाबी, गुणी काप निळ्याने पेटले होते. पेशी मेलेल्या, फुटलेल्या. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या कापांत सुईसारख्या बारीक रिकाम्या फटी, म्हणजे स्फटिक झाले होते तिथे. स्फटिक धुऊन जातात, जागा राहते.

पीठ कमी झालेलं नाही. डबे काढून घेतलेत, आणि रिकाम्या फडताळाचा फोटो काढून आम्ही बर्फी वाटतो आहोत.

भसीनला सांगितलं. तो म्हणाला, "स्टडी प्लॅन में लाल था, नीला नहीं था. ये आपकी हॉबी है, संडे को कीजिए." मी म्हटलं, परदेशात माणसांवरच्या छोट्या चाचण्या होऊन गेल्यात, आता इथे मोठी सुरू झालीय असं ऐकते. कुठे, कोणावर? म्हणाला, "वो क्लिनिकल वालों का काम है. आप खरगोश देखिए."

मी काय म्हणाले? "ठीक आहे सर."

आणि इथे लिहिते: भसीन, तू डोळस आंधळा आहेस. तुझे सूट जळोत. ज्याने तुला संचालक केलं त्याच्या सात पिढ्यांना सहाव्या मजल्यावर बंद लिफ्टचा फ्लॅट मिळो.

आता बरं वाटतंय.

शनिवार, २८ ऑक्टोबर, पाडवा



सकाळी आबांना ओवाळलं. पाट, रांगोळी, सगळं. त्यांनी दरवर्षीप्रमाणे तबकात नोट ठेवली आणि तिच्याशेजारी खिशातून एक छोटी पांढरी बाटली काढून ठेवली. मिशीतल्या मिशीत हसत होते. बाटलीवर आमच्या कंपनीचा शिक्का आणि ७१४.

"काय आहे हे, आबा?"

"तुझी गोळी! फरीदाबादच्या इस्पितळात चाचणी चाललीय. ज्यांच्या हृदयाच्या नळ्यांत थोडा गाळ आहे असे गडी पाहिजे होते. मुरलीधरनं आमचे पंधरा-वीस पेन्शनर गोळा केले. मी कागदावर तुझ्या कंपनीचं नाव वाचलं, म्हटलं सगळ्यात आधी माझं नाव लिहा. पोरीनं शोधलेली गोळी, पहिला शिपाई बाप नको?"

मी शोधलेली नाही! मी ससे कापते! तबक ठेवलं आणि ओरडायला सुरुवात केली. आता थांबवा, आजच्या आज थांबवा. मैत्रेयी रडायला लागली. श्यामकांत म्हणाला, "साधना, सणाचं..." मी म्हटलं, तू पेपर वाच.

आबा ताठ बसून होते. म्हणाले, "सही केलीय. जबान दिलीय. सहा महिन्यांची बोली आहे." त्यांच्या मते लढाई मधेच सोडणं आणि गोळी मधेच सोडणं यात फरक नाही. आणि बाटलीत खरं औषध आहे की नुसता खडू, हे त्यांना माहीत नाही, मला नाही, डॉक्टरलाही नाही. चाचणीचा नियमच तसा असतो. सशांचं झालं ते माणसांचं होईलच, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. नेमकं तेच तर बघायला पाहिजे ना, गाढवांनो.

बाटली मी संडासात रिकामी केली.

सोमवार, ३० ऑक्टोबर

भसीनच्या खोलीत गेले. म्हटलं, माझे वडील तुमच्या चाचणीत आहेत. तो आधी दचकला, मग कोणाला तरी फोन केला, आणि हसत म्हणाला, "अरे, सूबेदार साहब आपके फादर हैं? वो तो हमारे स्टार हैं. टाइम पे गोली, टाइम पे विज़िट, ज़ीरो कंप्लेंट. सारे फ़ौजी ऐसे ही हैं. बाकी ग्रुप में कोई सिरदर्द बोलता है, कोई गैस बोलता है. इनका पूरा कॉलम क्लीन!"

कॉलम क्लीन असणारच. मी छावण्यांमध्ये वाढले आहे. सकाळी फॉलिनमध्ये, म्हणजे हजेरीच्या रांगेत, जो आजारी तो पुढे येऊन सिक रिपोर्ट देतो, आणि बाकीची सगळी पलटण त्याच्याकडे कामचुकार म्हणून बघते. आबांनी अख्ख्या नोकरीत एकदाही सिक रिपोर्ट दिला नाही, हे ते पदकापेक्षा मोठं मानतात. मलेरियात परेड केली आहे त्यांनी. अशा माणसाला डॉक्टर विचारणार, "बाबाजी, कोई तकलीफ?" आणि तो सांगणार, "ठीक हूँ साब." आणि ते हे लिहून घेणार आणि परदेशी पाठवणार.

इस्पितळाला फोन केला. स्वयंसेवकाने स्वतः येऊन सांगितलं तरच नाव काढतो, म्हणाले. स्वयंसेवक संध्याकाळी फरीदाबादहून नवी बाटली घेऊन आला. तिथे त्याने सांगितलं, पहिली हरवली, चूक माझी. घरी येऊन शिक्षा म्हणून स्वतःची करंजी बंद केली.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

आज आबांना समोर बसवून सरळ विचारलं. "छातीत दुखतं? दम लागतो? खरं सांगा."

"मला काय धाड भरलीय?"

"चाचणीवाल्यांना सांगता ते मला नका सांगू. मी मुलगी आहे तुमची."

"म्हणून तर सांगतोय. ठणठणीत आहे. तुझ्या गोळीनं उलट तरतरी आली."

खोटं बोलताना आबांची नजर खाली जाते. आज गेली नाही, सरळ माझ्याकडे बघत होते. जरा हायसं वाटलं. म्हणजे बाटलीत खडूच असणार.

रविवार, २६ नोव्हेंबर

या शहरात लग्नांचा हंगाम म्हणजे शिक्षा आहे. पलीकडच्या शेतात मंडप, त्यात भांगडा, खिडक्यांच्या काचा थडथडतात. आबा आठवडाभर खुर्चीत बसून झोपतात. आडवं झालं की ढोल जास्त ऐकू येतो म्हणे. काल लग्न नव्हतं, तरी खुर्चीतच. सवय लागली असणार.

संध्याकाळी आम्ही भिंतीबाहेरच्या रस्त्याने फिरायला जातो. तिथे मोहरीच्या शेतात नीलगायी येतात. पूर्वी आबा माझ्यापुढे चालायचे. आता मोरीच्या कठड्यावर बसून नीलगायी बघतात. मी म्हणते, चला, त्या उद्याही असतील. "बस की जरा," म्हणतात. मला ऑफिसचं काम पडलेलं, आणि हे निसर्गप्रेम!

त्यांची कवळीही टोचते. जेवल्यावर चालताना जबडा डावीकडून चोळत असतात. शेवटी आज ओढत तिसऱ्या मजल्यावरच्या मल्होत्राकडे नेलं. त्याने तोंडात विजेरी मारून तपासलं आणि म्हणाला, "डेंचर बिल्कुल ठीक है जी." ठीक आहे तर दुखतं का? दाताचा डॉक्टर म्हणे! घरासमोर पाटी लावली की झालं. दुसरा शोधायला हवा.

मंगळवार, १२ डिसेंबर

परदेशी पाहुणे आले. मला पंधरा मिनिटं दिली होती. निळ्या रंगाचे फोटो मी शेवटी घातले होते. सकाळी संगणक उघडला तर ते गायब. भसीन कानाशी म्हणाला, "टाइम कम है, इसलिए हटा दिए. क्वेश्चन आए तो बता देना."

प्रश्न कसा येणार? जे दाखवलंच नाही त्याबद्दल कोण विचारणार? मी लाल आणि गुलाबी दाखवलं. शेवटी म्हणायचं होतं, थांबा, अजून एक गोष्ट आहे. तोंड उघडलंही. भसीनने टाळ्या सुरू केल्या आणि मी "थँक यू" म्हणून बसले.

तीन पानं लिहिली होती इथे भसीनला उद्देशून. फाडून टाकली. तीन पानं वाचायला तो थोडाच येणार आहे.

श्यामकांतला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." काय बघू? कधी बघू? मूग गिळून बसायचं या घरात सगळ्यांना एवढं छान जमतं, एक मीच तेवढी तोंडाळ.

सोमवार, १५ जानेवारी २००१

लष्करी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. आबा आत आहेत. आहेत, एवढं पुरे.

काल इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला गेली, दर संक्रांतीसारखी. धुकं इतकं की रस्ता दिसेना. बसमध्ये तिळगूळ वाटला, गोड बोला म्हणाले, मी कोणाशी बोललेच नाही. आबांनी निळा कोट घातला होता, पदकं लावून. थंडी फार आहे, राहू द्या म्हटलं तर म्हणाले, "एवढे गेले तिथं, आणि मी थंडीला भिऊ?"

काला अंबच्या युद्धस्मारकाच्या खांबापाशी अध्यक्षांचं भाषण चालू होतं. आबा पहिल्या रांगेत सावधान उभे. माझं लक्ष त्यांच्या मानेकडे गेलं. एवढ्या थंडीत घामाचे ओघळ कॉलरमध्ये उतरत होते. मी पुढे झाले. चेहरा राखेसारखा.

"आबा, काय होतंय?"

"ठीक आहे."

"बसा खाली."

"ठीक आहे म्हटलं ना. भाषण होऊ दे."

तेव्हा माझं काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. सगळ्या मंडळासमोर मी ओरडले. लहानपणी परेड ग्राउंडवर ऐकलेला तो आवाज माझ्या तोंडून निघाला. "सूबेदार हिंदुराव जाधव! सिक रिपोर्ट!"

भाषण थांबलं. आबांनी टाचा जुळवल्या. समोर बघत, माझ्याकडे नाही, म्हणाले, "छाती में दर्द, साब. बायाँ हाथ. जबड़ा. सीढ़ी चढ़ने पर साँस फूलती है. सितंबर से, साब. नवंबर से ज़्यादा."

मग गुडघे वाकले. दोघांनी धरलं.

बस तशीच पानिपतच्या सरकारी दवाखान्यात, तिथे इंजेक्शन, तिथून रुग्णवाहिकेने दिल्ली. रुग्णवाहिकेत मी त्यांच्या अंगावर ओरडतच होते. रडत होते आणि ओरडत होते. का नाही सांगितलंत? फौजेचा मोठेपणा घरात कशाला? आबांनी तोंडावरची नळी बाजूला केली.

"फौजेचं नाही गं. तुझ्या गोळीला बट्टा लागला असता. नवी नोकरी तुझी. बापानंच तक्रार केली तर लोक काय म्हणतील?"

सप्टेंबरपासून. सगळ्या दारांवरच्या पाट्या त्यांना पाठ झाल्या होत्या. आणि मी मल्होत्राला नावं ठेवली.

बुधवार, १७ जानेवारी

पडद्यावर आबांच्या हृदयाची रक्तवाहिनी पाहिली. रोज अशाच नळ्या आडव्या कापते मी. ही न कापता दिसत होती, एका जागी दोऱ्याएवढी राहिलेली. आता फुगा घालून मोकळी केली आहे. हे गोळीने झालं, की गोळी घेऊनही झालं, की बाटलीत खडूच होता आणि हे व्हायचंच होतं, यातलं काहीच कळत नाही. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, कोणी काही सांगितलंच नाही तर कळणार कसं?

दुपारी चाचणीवाला तरुण डॉक्टर सफरचंदं घेऊन आला. गोड बोलला. मग म्हणाला, "अंकल, लिख देते हैं, थोड़ी बेचैनी हुई थी. माइल्ड. ठीक?"

मी तोंड उघडायच्या आत आबा उशीवरून उठले. "बेचैनी नहीं. दर्द लिखो. कब से, कहाँ, कितना, पूरा लिखो. मैंने पहले झूठ बोला था, वो भी लिखो."

त्याने लिहिलं. मुरलीधरकाका पायाशी स्टुलावर बसले होते, टोपी हातात फिरवत. आबा त्यांना म्हणाले, "हवालदार, सगळ्या गड्यांना सांगा. ज्याला जे होतंय ते खरं सांगायचं. हा हुकूम समजा."

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "मला पण महिनाभर होतंय, साहेब. डाव्या बाजूला."

"मग बोलला का नाही, लेका?"

"तुम्ही बोलत नव्हता."

शुक्रवार, १९ जानेवारी

आज आढावा बैठक होती, परदेशातले लोक फोनवर. भसीनने लाल काप काढले. मी उठले आणि म्हटलं, सर, दोन मिनिटं अंधारखोलीत चला. सगळ्यांनी. तो म्हणाला, नंतर बघू. मी म्हटलं, निळा रंग नंतर राहत नाही, आत्ताच बघावा लागतो. तरुण मंडळी उठली. मग त्यालाही उठावं लागलं. एकेकाला सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायला लावला. 

परत आल्यावर फोनवरच्या लोकांना मी सशांचं सांगितलं. मग फौजींच्या क्लीन कॉलमचं. मग वडिलांचं. भसीन मधे म्हणाला, "साधना जी इमोशनल हैं." मी म्हटलं, हो, आहे, आणि पुढे बोलत राहिले. पलीकडून एका बाईचा आवाज आला, चाचणीत सध्या नवीन कोणाला घेऊ नका, सगळी माहिती पाठवा. भसीनने मला सोमवारी भेटायला सांगितलंय. नोकरी राहील असं वाटत नाही.

आणखी काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. सगळं तिथेच बोलून झालं.

बुधवार, २४ जानेवारी

आबांना घरी आणलं. आणि लिफ्ट बंद! वीज गेलेली, जनरेटर गप्प. गेटवरचा पहारेकरी म्हणाला, डिझेल आने वाला है. टॅक्सी निघून गेली होती, थंडी मी म्हणत होती. आबा म्हणाले, "दोन मजले हळूहळू चढू, तोवर येईल." मी त्यांचा दंड धरला, श्यामकांत मागून बॅगा घेऊन.

पहिल्या मजल्यावर पोचताच आबा थांबले. समोर दारावर पाटी होती. त्यांनी ती वाचली नाही.

"थांब, साधने. दुखतंय."

नुसतं तेवढंच, साध्या आवाजात, मीठ कमी आहे म्हणावं तसं. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो. मी डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. जिन्यात अंधार होता. मला खाली जाऊन सेक्रेटरीचा गळा धरायचा होता, पण आबांनी माझा हात सोडला नाही.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी सेक्रेटरीच्या दारावर थापा मारत होतं. "बाहर निकलो! हार्ट पेशंट सीढ़ी पे बैठा है! डिज़ेल नहीं है तो अपनी गाड़ी से निकालो! अभी! बघू-बिघू काही नाही, अभी के अभी!"

मी वळून पाहिलं. मागच्या पायरीवर दोन्ही बॅगा होत्या, श्यामकांत नव्हता.

आबांनी कान टवकारले. "कोण गं हा वाघ?"

"जावई तुमचे."

"जावईबापू?" आबा हसले, मग छातीवर हात ठेवून हसणं आवरलं. खाली जनरेटर घरघरला, बंद पडला, पुन्हा घरघरला, आणि जिन्यातला दिवा लागला. मी उठायला लागले तसं आबांनी मला खाली ओढलं.

"बस की जरा. त्याचं होऊ दे."